अ‍ॅपल सायडर व्हिनेगर: घ्यावं का, कशासाठी, आणि कोणी घेऊ नये?

शमिका_ठाणे
नमस्कार मंडळी,
या विषयावर आधी धागा असेल तर लिंक द्या. मी शोधलं, पण लोणची आणि चायनीजच्या पाककृतींपलीकडे काही हाती लागलं नाही.

आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी कोमट पाण्यात दोन चमचे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. कोणी म्हणतं वजन उतरतं, कोणी म्हणतं साखर आटोक्यात येते, कोणाची अ‍ॅसिडिटी गेली, कोणाचा कोंडा गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघेसुद्धा सुधारले म्हणे. एवढ्या सगळ्यावर एकच बाटली म्हटल्यावर मला शंका यायला लागते.

विचारायचं कारण असं की नवऱ्याची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आली आहे. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, चाला आणि भात कमी करा म्हणाले. नवऱ्याला चालण्यापेक्षा बाटली सोपी वाटते आहे. मागवूनही झाली. तळाशी गढूळ साका आहे, त्याला 'मदर' म्हणतात आणि तोच म्हणे खरा गुणकारी. आता सासऱ्यांनाही द्या असा आग्रह चालू आहे. त्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत, त्यातली एक लघवी जास्त करणारी.

कोणी नियमित घेतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. फॉरवर्ड नकोत, ते सगळे ग्रुपवर येऊन गेलेत.

रानजाई
मी घेते. जेवणाआधी ग्लासभर पाण्यात एक चमचा. वजन चांगलं उतरलं, पोटही हलकं वाटतं. नवऱ्याला घेऊ दे, काही होत नाही.

बाबूराव_बारामतीकर
आंबटशौकिनांचा धागा. जागा धरून बसलो आहे, शेंगदाणे आणलेत.

तेजस_२२
@रानजाई, बाकी काय बदललं होतं ते पण लिहा ना. चालणं वगैरे?

रानजाई
हो, चालायला जाते मैत्रिणीबरोबर. संध्याकाळचं वडापाव-भजी प्रकरण बंद केलं, आणि रात्री भाकरी. पण व्हिनेगरचा भाग आहेच त्यात!

तेजस_२२
भजी बंद करून नुसतं पाणी प्यायला असतात तरी उतरलं असतं. ह. घ्या. :)

लिटमस
आधी बाटलीत काय आहे ते बघू, म्हणजे निम्मा घोळ मिटेल.

सफरचंदाचा रस यीस्टने आंबवतात, साखरेचं अल्कोहोल होतं. मग अ‍ॅसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल करतात. बाटलीत साधारण पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, थोडी पॉलिफेनॉल्स, बाकी बहुतेक पाणी. पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) अडीच ते तीनच्या दरम्यान. 'मदर' म्हणजे याच जिवाणूंनी तयार केलेलं सेल्युलोजचं जाळं आणि त्यात अडकलेले जिवाणू. त्याने अपाय नाही. पण त्याच्यामुळे औषधी गुण येतो असं दाखवणारं काही माझ्या वाचनात नाही. गाळलेलं व्हिनेगर स्वच्छ दिसतं, गाळलेलं नसलं की गढूळ दिसतं आणि महाग मिळतं.

लेबलवर 'पोटॅशियमयुक्त' वगैरे लिहिलेलं असतं. १५ मिली व्हिनेगरमध्ये जेमतेम ११ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मध्यम केळ्यात चारशेच्या आसपास. वेलची केळं खा, स्वस्त पडेल.

ज्या काही अभ्यासांत परिणाम दिसला, तो मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्लाचा मानला जातो. ते उसाच्या, माडाच्या, तांदळाच्या व्हिनेगरमध्येही असतंच. सफरचंदाला त्यात काही वेगळा मान नाही.

तिरसट_काका
चिंच, कोकम, लिंबू, ताक. चार पिढ्या यावर जगल्या. आता अमेरिकेतून बाटली आल्याशिवाय आमचं अन्न पचत नाही! आमची आजी आमसुलाचं सार पिऊन नव्वदीपर्यंत विहिरीवरून पाणी आणत होती.

भाग्यश्री_सोलन
काका, अमेरिकेतूनच यायला हवं असं काही नाही. मी हिमाचलमध्ये नोकरीला आहे. डाग पडलेली, आकाराने लहान सफरचंदं बाजारात भाव खात नाहीत, ती रसाला आणि व्हिनेगरला जातात. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात. बाकी औषधी गुणांबद्दल लिटमस यांना अनुमोदन.

लिटमस
काका, लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक. आम्लं वेगवेगळी आहेत, एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाहीत. आणि गंमत अशी की कोकमाच्याच जातभाईचा, गार्सिनिया कंबोजियाचा अर्क अमेरिकेत वजन कमी करायच्या गोळ्यांत घालतात. त्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सारात घातलेली आमसुलं वेगळी आणि अर्काची कॅप्सूल वेगळी, त्यामुळे सोलकढी बिनधास्त प्या.

तिरसट_काका
सोलकढीला तुमच्या परवानगीची वाट बघत नव्हतो.

बाबूराव_बारामतीकर
शेंगदाणे संपत आले, काका जोरात आहेत.

अर्धा_संशोधक
साखर आणि वजन याबद्दल थोडं, कारण शमिकाताईंचा मूळ प्रश्न तोच आहे.

हे खूळ नवं नाही. मध आणि व्हिनेगरचं मिश्रण ग्रीक वैद्य देत असत. अमेरिकेत व्हरमाँटच्या डॉ. जार्व्हिस यांनी १९५८ साली मध-व्हिनेगरवर पुस्तक लिहिलं आणि ते घरोघरी गेलं. गुडघेदुखीवर व्हिनेगर ही त्याच पुस्तकाच्या वेळेपासूनची समजूत, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत कशी पोचली देव जाणे.

बऱ्यापैकी केलेले प्रयोग आले ते पुढे. २००४ साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या कॅरल जॉन्स्टन यांच्या गटाने लोकांना बेगल पाव, लोणी आणि संत्र्याचा रस असं भरपूर कर्बोदकांचं जेवण दिलं. त्याआधी लगेच २० ग्रॅम व्हिनेगर पाण्यात. ज्यांचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नव्हतं, त्यांच्यात जेवणानंतर इन्शुलिनचा उपयोग बराच सुधारला. ज्यांना मधुमेह झालेलाच होता त्यांच्यात सुधारणा कमी. पण सगळे मिळून २९ लोक होते, आणि मोजमाप एका जेवणाचं. कारण म्हणून सांगितलं जातं की आम्लामुळे जठर सावकाश रिकामं होतं, पिष्टमय पदार्थांची साखरही सावकाश होते.

आता यातच बघा, व्हिनेगर जेवणाला लागून दिलं होतं. सकाळी सहाला रिकाम्या पोटी घ्यायचं आणि साडेनऊला पोहे खायचे, यात त्या प्रयोगातलं काहीच येत नाही.

वजनाचं म्हणाल तर २००९ साली जपानमध्ये १५५ स्थूल लोकांवर १२ आठवडे प्रयोग झाला. रोज १५ किंवा ३० मिली व्हिनेगर असलेलं पेय. वजन उतरलं एक ते दोन किलो. पेय थांबवल्यावर परत वर. आणि हा अभ्यास व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी केलेला, हे विसरू नका.

रानजाई
पण लेबनॉनचा अभ्यास आहे ना मोठा? सहा-आठ किलो उतरलं असं पेपरात आलं होतं. लिंक होती माझ्याकडे.

अर्धा_संशोधक
त्याकडेच येत होतो. २०२४ च्या मार्चमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या गटातल्या एका नियतकालिकात तो छापून आला. १२ ते २५ वयाची १२० वजनदार मुलं-मुली, बारा आठवडे, रोज तीन चमच्यांपर्यंत व्हिनेगर, आणि सहा ते आठ किलो घट. जगभर बातम्या झाल्या. इतर संशोधकांनी आकडे तपासले तर ते जुळेनात. नियतकालिकाने संख्याशास्त्रज्ञांकडून पुन्हा गणित करवून घेतलं, त्यांनाही ते निकाल मिळाले नाहीत. प्रयोगाची आगाऊ नोंदणीही नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये तो लेख मागे घेतला. बातमी ज्या अक्षरात आली होती त्या अक्षरात माघार कुठे छापली गेली नाही, त्यामुळे तुमच्या ग्रुपवर अजून तोच फिरत असणार.

रानजाई
बरं. मला तरी बरं वाटतंय, मी चालू ठेवणार. जेवणाबरोबरच घेते मी.

दंतमंजन
दातांची डॉक्टर आहे म्हणून तोंड उघडते.

गेल्या काही वर्षांत या बाटलीमुळे माझ्याकडे येणाऱ्यांची एक ठरावीक तक्रार असते. "मॅडम, कीड नाहीये, पण गार पाणी लागलं की झिणझिण्या येतात." आरशात बघितलं तर पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसायला लागलेल्या. दाताची चकाकी गेलेली, आणि जुनं सिमेंट भरलेलं असेल तर ते आजूबाजूच्या दातापेक्षा वर आलेलं, कारण दात झिजलाय आणि सिमेंट तसंच आहे. दाताचं वरचं कवच, एनॅमल, पीएच साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. लिटमस यांनी वर लिहिलंय व्हिनेगरचा पीएच किती ते. एनॅमल गेलं की परत येत नाही.

त्यात लोक करतात काय, सकाळी व्हिनेगर पितात, तोंड आंबट लागतं म्हणून लगेच घसघशीत ब्रश करतात. मऊ झालेल्या कवचावर ब्रश! घ्यायचंच असेल तर भरपूर पाण्यात घ्या, घुटके घेत बसू नका, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा, आणि ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने. झोपताना तर मुळीच नको, रात्री लाळ कमी असते.

प्रथमेश_डोंबिवली
स्ट्रॉने प्यायलं तर चालेल का?

दंतमंजन
थोडा फरक पडतो, स्ट्रॉ मागे धरली तर. पण व्हिनेगर स्ट्रॉने पिण्यापेक्षा कोशिंबिरीत घालून खाल्लंत तर तुम्हीही सुखी, मीही.

स्नेहल_मिरज
माझा प्रश्न अ‍ॅसिडिटीचा. एका व्हिडिओत सांगत होते की जळजळ जास्त आम्लामुळे नाही तर कमी आम्लामुळे होते, म्हणून व्हिनेगर घ्यायचं. हे पटेल असं सांगतात. खरं आहे का?

स्टेथोस्कोप
नाही. जठरातलं आम्ल व्हिनेगरपेक्षा कितीतरी तीव्र असतं, त्यात चमचाभर टाकून कमतरता भरून निघत नाही. छातीत जळजळ होते ती आम्ल वर अन्ननलिकेत येतं म्हणून, मग ते कमी असो की जास्त. अन्ननलिकेला जठरासारखं संरक्षक अस्तर नाही. तिथे आधीच सूज असेल तर वरून आम्ल ओतणं म्हणजे त्रासाला आमंत्रण. काहींना बरं वाटतं हे मीही ऐकतो, पण जळजळ येते-जाते, आणि बरं वाटलं तेवढंच लक्षात राहतं. आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल, गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल तर व्हिडिओ बंद करून तपासून घ्या.

आता शमिकाताईंच्या सासऱ्यांबद्दल. त्यांना विचारल्याशिवाय, म्हणजे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. लघवी जास्त करणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतं, काहींनी उलट वाढतं. व्हिनेगर मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ घेतलं तर पोटॅशियम घसरल्याचं एक प्रकरण प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियातली २८ वर्षांची बाई सहा वर्षं रोज पाव लिटर व्हिनेगर पीत होती. पोटॅशियम खाली आणि हाडं ठिसूळ. पाव लिटर कोणी पिणार नाही हे मान्य, पण वयस्कर माणूस, दोन गोळ्या, मूत्रपिंडाचा अंदाज नाही, असं असताना प्रयोग कशाला? हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर आणखी जपायला हवं, पोटॅशियम उतरलं की त्या औषधाची विषबाधा होऊ शकते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही सांगूनच घ्यावं, साखर फार खाली जाऊ शकते.

एक गोष्ट वर आली ती पुढे नेतो. जठर सावकाश रिकामं होणं हा जसा फायदा, तसाच तोटा. जुन्या मधुमेहात काहींचं जठर आधीच मंदावलेलं असतं. स्वीडनमधल्या माल्मोला २००७ साली अशा दहा रुग्णांना व्हिनेगर देऊन बघितलं तर ते आणखी मंदावलं. इन्शुलिन घेऊन झालं आणि अन्न पोटातच बसून राहिलं तर काय होईल, विचार करा.

शमिका_ठाणे
खूप आभार. सासऱ्यांचा विषय तूर्त बंद. सासूबाईंना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, डॉक्टरांनी लिहिलंय म्हटल्यावर ऐकलं.

गोंयची_बाय
थोडं अवांतर. आमच्या गोव्यात व्हिनेगर औषध म्हणून कोणी पीत नाही, पण स्वयंपाकात त्याच्याशिवाय पान हलत नाही, निदान ख्रिश्चन घरांत. रेंदेर माडावर चढून सूर (माडी) उतरवतो. ती सूर भांड्यात तशीच ठेवली की आंबत आंबत व्हिनेगर होतं. सोरपोतेल, विंदालू, चोरीस यांत तेच. सोरपोतेल करून लगेच खायचं नसतं, दोन-तीन दिवस रोज गरम करत ठेवायचं, मग आंबटपणा मांसात मुरतो. फ्रिज नव्हते तेव्हा टिकायचं ते व्हिनेगरमुळेच. आमच्या शेजारच्या आंटी बाजारातलं व्हिनेगर नुसतं हुंगून सांगत, "ह्यात माड ना, फकत आसिद." माडावर चढणारे कमी झाल्यामुळे खरं माडाचं मिळणंच कठीण झालंय आता.

लिटमस
आंटींचं नाक बरोबर आहे. स्वस्त व्हिनेगर बरंच कृत्रिम असतं, अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात पातळ केलेलं. तसं असेल तर भारतात लेबलवर 'सिंथेटिक' लिहावंच लागतं. शमिकाताई, बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा.

वैद्य_कोथरूड
आयुर्वेदात आंबवलेल्या आंबट द्रवाला शुक्त म्हणतात, कांजीही त्याच गोत्रातली. भूक वाढवणारं, पण पित्त आणि रक्त बिघडवणारं असंही सोबतच लिहिलंय. पित्तप्रकृतीच्या माणसाने रोज रिकाम्या पोटी घ्यावं असं कुठेही नाही. तेव्हा 'हे तर आपलंच आहे' म्हणून फॉरवर्ड करणाऱ्यांनी पुढची ओळही वाचावी.

मुग्धा_के
केसांना लावते मी, पाण्यात घालून शेवटचं धुणं. चमक येते. कोंडा गेला नाही. आंघोळ झाल्यावर घरात चायनीजच्या गाडीचा वास येतो तेवढं सोडलं तर छान.

स्टेथोस्कोप
त्वचेवर लावणाऱ्यांना एक विनंती. पातळ न करता लावू नका. नायट्यावर, चामखिळीवर, तिळावर कापूस भिजवून पट्टी बांधून ठेवणारे येतात माझ्याकडे. नायटा तिथेच असतो आणि वर भाजल्याची जखम. अमेरिकेत एका १४ वर्षांच्या मुलीने तीळ काढायला लावलं आणि नाक भाजून घेतलं, ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलंय. आणि तीळ बदलत असेल तर तो जाळायचा नसतो, दाखवायचा असतो. इसब असणाऱ्यांवरही व्हर्जिनियात २०१९ ला प्रयोग झाला, अगदी अर्धा टक्का आम्लाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायचे. फायदा नाही, बहुतेकांना चुरचुर मात्र झाली.

मेलबर्नची_मावशी
रच्याकने, इथे ऑस्ट्रेलियात उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावून ठेवलेल्या असतात! बॉक्स जेलीफिश डसला की ओतायला. शरीराला चिकटलेल्या धाग्यांतल्या न फुटलेल्या विषपेशी त्याने थंडावतात. पण पावसाळ्यात जुहू-गिरगावला वाहून येतात त्या निळ्या ब्लूबॉटलवर मात्र व्हिनेगर ओतू नका, इथे त्याच्यासाठी धागे काढून समुद्राच्या पाण्याने धुवायचं आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायचं असं शिकवतात.

बाबूराव_बारामतीकर
वजन, साखर, दात, सोरपोतेल, जेलीफिश. धागा कुठून कुठे चाललाय. आता कोणीतरी राजकारण आणा म्हणजे पूर्ण होईल.

सिस्टर_परळ
राजकारण नाही, पण मी आणखी एक फाटा फोडते, कारण व्हिनेगरचा वैद्यकातला सगळ्यात मोठा उपयोग अजून कोणी लिहिलाच नाही. आणि तो आपल्या मुंबईतला आहे.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी. पॅप चाचणीला प्रयोगशाळा लागते, पेशी वाचणारा माणूस लागतो, रिपोर्टला दिवस लागतात. वस्तीतली बाई एकदा आली ती परत येईलच असं नाही. मग साधा मार्ग असा, की चार-पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्लात बोळा भिजवून गर्भाशयाच्या मुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. जिथे पेशी बदलायला लागल्या आहेत तो भाग पांढरा पडतो. पांढरं दिसलं की लगेच पुढे पाठवायचं. पांढरं म्हणजे कर्करोगच असं नाही, सूज असली तरी दिसतं, म्हणून पुढची तपासणी.

टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर हे करून बघितलं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. २०१३ साली निकाल सांगितले तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

मी त्या कामात नव्हते, पण शिबिरांत ही तपासणी कायम करते. बायका आधी घाबरलेल्या असतात, "भाजेल का?" विचारतात. किंचित चुरचुरतं. वास येतो तेव्हा बऱ्याच जणी हसतात, "सिस्टर, हे तर नूडल्सवालं."

स्नेहल_मिरज
हे मला अजिबात माहीत नव्हतं. शेजारणीला पाठवते.

अर्धा_संशोधक
सिस्टर, उत्तम प्रतिसाद. एक पुरवणी जोडतो, कारण चित्र इतकं सरळ नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने सव्वा लाखाहून जास्त बायकांवर दुसरा अभ्यास झाला, निकाल २००९ चे. तिथे पॅप, व्हिनेगर आणि एचपीव्ही (ज्यामुळे हा कर्करोग होतो तो) विषाणूची चाचणी अशी तुलना होती, प्रत्येकीची एकदाच तपासणी. एचपीव्ही चाचणीच्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले, व्हिनेगरच्या गटात ठळक फरक दिसला नाही. शिवाय दोन्हीकडे तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणी न देता फक्त माहिती दिली, यावरून पुढे बराच वाद झाला.

सिस्टर_परळ
बरोबर आहे, आणि वाद मला माहीत आहे. एचपीव्ही चाचणी जास्त चांगली, जागतिक आरोग्य संघटनाही आता तीच आधी सुचवते. पण ती जिथे मिळत नाही तिथे काहीच न करण्यापेक्षा हे बरं. मुंबईत दर दोन वर्षांनी तपासणी होती, उस्मानाबादला एकदाच, हाही फरक धरा. बघणारीचा हात किती बसलाय यावरही खूप अवलंबून असतं.

तिरसट_काका
हे मात्र मानलं. सिस्टर, तुम्ही वेगळा धागा काढा, इथे खाली कोणी वाचायचं नाही.

ओंकार_जी
पूर्ण धागा वाचला नाही, पण व्हिनेगरच्या गमीज कशा आहेत? चवीला चांगल्या लागतात. गोळ्यापण मिळतात.

लिटमस
गमीजमध्ये आम्ल नावाला आणि साखर ठसठशीत असते. साखरेसाठी साखरेची गोळी, वा! कोरड्या गोळ्यांचं तर त्याहून वाईट. एका बाईच्या घशात गोळी अडकून इजा झाली म्हणून अमेरिकेत २००५ साली आठ ब्रँडच्या गोळ्या तपासल्या. आम्लाचं प्रमाण प्रत्येकीत वेगळं, लेबलशी मेळ नाही, काहींत मुळात सफरचंदाचं व्हिनेगर आहे का याचीच शंका.

शमिका_ठाणे
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे ठरलं ते असं. नवरा चालायला जाणार (मी सोबत, नाहीतर तो कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंतच चालतो), भात अर्धा, आणि व्हिनेगर दुपारच्या जेवणात काकडी-कांद्यावर चमचाभर. एचबीएवनसी डॉक्टर सांगतील तेव्हा परत करू. त्याला अजून वाटतंय की रिकाम्या पोटी घेतलं तर लवकर उतरेल, त्याच्याशी वाद चालू आहे.

आणि सिस्टर, माझं वय ४३. ही तपासणी मी कधीच केलेली नाही. कुठे जायचं?

रानजाई
मीपण विचारणार होते. मीपण नाही केलेली.

सिस्टर_परळ
सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी पाच वर्षांतून एकदा ठरवलेली आहे. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, महापालिकेचा दवाखाना किंवा मोठं सरकारी रुग्णालय इथे विचारा, आशाताई ओळखीच्या असतील तर त्यांना वार माहीत असतो. ठाण्यात खाजगीकडे जाणार असाल तर थेट एचपीव्ही चाचणीबद्दल विचारा, मिळत असेल तर तीच करा. पाळीचे दिवस सोडून जा. जाऊन पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मधूनच रक्त जात असेल, संबंधांनंतर जात असेल किंवा पाळी बंद होऊन परत दिसलं असेल तर तपासणी शिबिराची वाट बघू नका, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

रानजाई
शमिका, मी मुलुंडला असते. पुढच्या आठवड्यात दोघी जाऊया का? व्यनि करते.